ठाणे-नवी मुंबईत रजिस्टर लग्न: विशेष विवाह कायद्याची सेवा नेमकी कशी आहे

ही समीक्षा एका सरकारी सेवेची आहे. विशेष विवाह कायदा, 1954 खाली जिल्ह्याचे विवाह अधिकारी जे लग्न लावतात, त्या सेवेची. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात सगळीकडची माणसं राहतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि मग ‘कोर्ट मॅरेज एका दिवसात’ अशा पाट्यांपाशी येऊन थांबतात. खरी प्रक्रिया एका दिवसाची नाही आणि ती कोर्टातही होत नाही. तिला किमान एक महिना लागतो. तो महिना नीट आखला तर काम कमी पैशांत आणि पक्कं होतं. आखला नाही तर घरच्यांना कळतं, हरकत येते, किंवा अर्ज चुकीच्या जिल्ह्यात गेल्यामुळे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी ही सेवा कुणासाठी आहे ते पाहू. ठाण्यात मासुंदा तलावापासून टेंभी नाक्यापर्यंत चालत गेलात तर कोपीनेश्वराचं देऊळ, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, अग्यारी आणि बेने इस्रायली ज्यूंचं 1879 चं सिनेगॉग, सगळं लागतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी लागणाऱ्या लग्नाचा कायदा वेगळा आहे. देवळातल्या लग्नाला हिंदू विवाह कायदा, 1955. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, त्यामुळे मराठा मुलगी आणि बौद्ध मुलगा यांना विशेष विवाह कायद्याची सक्ती नाही. कुठल्याही एका बाजूच्या रीतीने लागलेलं लग्न चालतं. चर्चमधल्या लग्नाला 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा. त्याच्या कलम 4 नुसार दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल आणि लग्न त्या कायद्याच्या पद्धतीबाहेर, म्हणजे समजा देवळात लागलं, तर ते रद्दबातल ठरतं. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलाने ठाण्याच्या हिंदू मुलीच्या गळ्यात देवळात माळ घातली, तर फोटो राहतात, कायद्याने लग्न राहत नाही. पारशांच्या 1936 च्या कायद्याला दोघेही पारशी लागतात. ज्यूंच्या लग्नासाठी वेगळा लेखी कायदा नाही, त्यांची रूढीच कायदा आहे. मुस्लीम पुरुष आणि हिंदू स्त्री यांचा निकाह लागला तर सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मांडलेली स्थिती अशी: तो विवाह अनियमित, मुलं औरस, त्यांना बापाची मालमत्ता मिळते, पण पत्नीला वारसा नाही.

धर्म न बदलता आणि कुणाचा हक्क न बुडवता लग्न करायचं, तर कुठल्याही धर्माच्या स्त्री-पुरुषांसाठी उघडा असलेला दरवाजा हाच. त्यासाठी आधी विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाच्या इराद्याची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटिशीचा नमुना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दिलेला आहे. त्यातले रकाने असे: नाव, स्थिती म्हणजे अविवाहित, विधुर, विधवा की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, ते कायमचं नसेल तर कायमचं ठिकाण, आणि तिथे किती काळ राहता. धर्माचा रकाना नाही, जातीचाही नाही. आपल्या देशात इतक्या महत्त्वाच्या सरकारी कागदावर हे दोन रकाने नसणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि या सेवेला मिळणारे बहुतेक गुण आम्ही त्यासाठीच देतो.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापला तो जवळजवळ सगळा त्याच नोटिशीच्या पत्त्याच्या रकान्यासाठी.

कारण ही नोटीस फाइलमध्ये राहत नाही. कलम 6 प्रमाणे विवाह अधिकारी ती विवाह नोटीस वहीत नोंदवतात, ती वही कोणीही फुकट पाहू शकतो, आणि एक प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. नावं, वयं आणि पूर्ण पत्ते. सप्तपदीला किंवा निकाहला कायदा अशी नोटीस मागत नाही. त्याच दोन माणसांनी त्या रीतीने लग्न केलं असतं तर त्यांचा पत्ता भिंतीवर लागला नसता. ज्यांना घरून धोका असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यांनाच कायदा एक महिना उघड्यावर उभं करतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये म्हटलं की नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर असावं. केरळ सरकारने 2020 मध्ये या नोटिसा संकेतस्थळावर टाकणं बंद केलं. या तरतुदींना आव्हान देणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मूळ मुद्द्यात न जाता फेटाळली. त्यामुळे ठाण्यात अर्ज करताना नोटीस लागणारच असं धरून चला.

आता जिल्हा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. दोघांपैकी किमान एकजण नोटिशीच्या आधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. नवी मुंबई हा एक जिल्हा नाही. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, सीबीडी बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात येतं. बेलापूरची टेकडी ओलांडून खारघरला गेलात की रायगड जिल्हा लागला. कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे हेही रायगडात. इथल्या जोडप्याचा अर्ज रायगडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जातो, पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असलं तरी. दुसऱ्या टोकाला चेकनाक्यापलीकडचं मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे. मीरा-भाईंदर, कल्याण, डोंबिवली, भिवंडी ठाणे जिल्ह्यात, पण वसई-विरार 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात. तो कोपरखैरण्यात आणि ती खारघरमध्ये राहत असेल तर दोन्ही जिल्ह्यांचा पर्याय खुला आहे. कुठलं कार्यालय ओळखीच्या माणसांपासून दूर, हे पाहून ठरवा.

राहण्याच्या पुराव्यासाठी भाड्याच्या घरात नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार सर्वांत चांगला चालतो. नुसता नोटरी केलेला करार बरेचदा परत येतो. करारावर ज्याचं नाव आहे तोच अर्जदार हवा. मित्राच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निदान वीजबिल, बँक पासबुक किंवा अद्ययावत आधार यांची तजवीज आधी करावी.

‘कायमचं ठिकाण’ हा रकाना विचार करून भरा. आपल्याकडे सवयीने तिथे गावाचा पत्ता टाकतात. कलम 6 चं तिसरं पोटकलम सांगतं की एखादा पक्ष त्या जिल्ह्यात कायमचा राहत नसेल, तर नोटिशीची प्रत त्याच्या कायमच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवली जाते आणि तिथल्या भिंतीवरही लागते. दहा वर्षं घणसोलीत राहणाऱ्या मुलीने केवळ आधारवर तसं आहे म्हणून परभणीचा पत्ता दिला, की नोटीस परभणीला पोहोचते. खोटं लिहू नका, पण तुम्ही खरोखर कायमचे इथेच राहत असाल तर आधारवरचा पत्ता अर्जाच्या बऱ्याच आधी बदलून घ्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये हेही स्पष्ट केलं आहे की आईवडिलांच्या घरी नोटीस पाठवायला हा कायदा सांगत नाही. कोणी ‘घरी पत्र जाईलच’ म्हणून भीती घातली तर कलम विचारा.

नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येते. ही सोय चांगली आहे. फॉर्म सोपा आहे, पण तो कागदपत्रांतली विसंगती झाकत नाही. वयासाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट लागतो. नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखं हवं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शेख सलमा अब्दुल’ आणि आधारवर ‘सलमा शेख’ असेल तर आधी प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्र करून घ्या, नाहीतर पडताळणीत अर्ज परत येतो. घटस्फोटितांना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. त्या हुकूमनाम्यावरची अपिलाची मुदत संपलेली आहे ना, तेही पाहा. विधुर-विधवांना मृत्यूदाखला. परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि अविवाहित असल्याबद्दल त्याच्या दूतावासाचं पत्र. मुलगा पूर्ण 21 चा, मुलगी पूर्ण 18 ची. आईवडिलांची संमती कुठेही लागत नाही.

नात्याची अट मात्र इथे हिंदू-मुस्लीम सगळ्यांनाच अडवते. पहिल्या परिशिष्टात आतेबहीण, मामेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण या चौघींशीही लग्न निषिद्ध आहे. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची जुनी रीत किंवा मुस्लीम घरांतलं चुलत भावंडांचं लग्न इथे आपोआप चालत नाही. रूढीची सूट आहे, पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. अशा जोडप्यांनी आपल्या व्यक्तिगत कायद्यानेच लग्न करावं.

दिवसांचा हिशेब असा. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवस हरकतीसाठी. ते संपल्यावर लग्न लावता येतं, पण नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. नोटीस 1 जूनला दिली आणि त्याच दिवशी लागली, तर जुलैच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपासून ऑगस्टअखेरपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे. तो चुकला तर नोटीस रद्द, सगळं पुन्हा. व्हिसाच्या घाईत असणाऱ्यांनी तिकिटं या हिशेबानंतर काढावीत.

हरकत कोणीही घेऊ शकतो, पण फक्त कलम 4 च्या मुद्द्यांवर: आधीचा जोडीदार हयात आहे, संमती देण्याची मानसिक क्षमता नाही, वय कमी आहे, नातं निषिद्ध आहे. ‘आमच्या जातीची नाही’, ‘धर्म वेगळा आहे’, ‘आम्हाला मान्य नाही’ या हरकती नाहीत. विवाह अधिकाऱ्यांनी 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि नकार आला तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील आहे. हरकत गैरवाजवी आणि बदहेतूने घेतली असं दिसलं तर हरकतदारावर खर्च बसवता येतो, कमाल 1000 रुपये. मूळ कायद्यात 1954 ला मोठी असलेली ही रक्कम आज कोणालाच अडवत नाही. ती वाढवायला हवी.

धोका वाटत असेल तर नोटीस देण्याआधीच ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे दोघांच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं की सज्ञान व्यक्ती हव्या त्या व्यक्तीशी लग्न करू शकते आणि पोलिसांनी तिला त्रास होऊ देऊ नये. 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवासाचे निर्देश आले. अर्जात या दोन निकालांचा उल्लेख करा.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रासह समोर हवेत. चौथा माणूस सोबत न्याच, कारण एकाचं ओळखपत्र घरी राहणं हे दिवस वाया जाण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. आधी तिसऱ्या परिशिष्टातल्या घोषणापत्रावर सह्या होतात: मी सध्या अविवाहित आहे, माझं वय इतकं पूर्ण आहे, आमचं नातं निषिद्ध नाही. खोटं निघालं तर शिक्षा आहे, हेही त्यातच लिहिलेलं असतं. मग दोघांनी अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकारल्याचं आपल्याला समजणाऱ्या भाषेत म्हणायचं. मराठीत म्हणा. हार, अंगठ्या, मंगळसूत्र काहीही चालतं, बंधन कशाचंच नाही. जास्तीचं शुल्क भरून अधिकाऱ्यांना जवळच्या अंतरावरच्या दुसऱ्या जागीही बोलावता येतं. विवाह नोंद वहीत जोडप्याच्या आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या झाल्या की प्रमाणपत्र. प्रमाणित प्रती त्याच वेळी तीन-चार मागून घ्या.

‘एका दिवसात’वाल्या पाट्यांबद्दल स्पष्ट बोलतो. तिथे मिळतं ते बहुधा एखाद्या संस्थेचं विधी झाल्याचं पत्र किंवा स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार. नोटरी केलेल्या करारानं लग्न होत नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र असलं तरी प्रत्यक्ष विधी झालेले नसतील तर विवाहच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये सांगितलं. भिन्नधर्मीय जोडप्याला हे लोक धर्मांतराचा कागद पुढे करतात. केवळ लग्नापुरता सही केलेला तो कागद पुढे जातीचा दाखला आणि वारसा यांत आडवा येतो. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात होते ती नोंदणी वेगळी. ती 1998 च्या राज्य कायद्याखाली, आधीच लागलेल्या लग्नाची नोंद आहे. एकाच व्यक्तिगत कायद्यातल्या जोडप्यांना ती पुरते. आधी लागलेलं लग्न विशेष विवाह कायद्याखाली आणायचं असेल तर कलम 15 ची सोय आहे, पण तिथेही 30 दिवसांची नोटीस लागते आणि नोंदणीच्या दिवशी स्त्रीचंही वय 21 पूर्ण लागतं.

हे अडथळे का आहेत ते कळायला इतिहास लागतो. 1872 च्या पहिल्या विशेष विवाह कायद्यात जोडप्याला लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी यांपैकी काहीच मानत नाही. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसांत लग्नाची वाट दिली, पण किंमत म्हणून एकत्र कुटुंबातून वेगळं केलं. ती किंमत आजही कलम 19 मध्ये आहे. अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत गोष्ट याहून उघड होती. दक्षिण आफ्रिकेने 1949 च्या कायद्याने गोऱ्यांची इतरांशी लग्नं बेकायदा ठरवली, ती बंदी 1985 पर्यंत टिकली. व्हर्जिनियात गोरा रिचर्ड लव्हिंग आणि कृष्णवर्णीय मिल्ड्रेड जेटर यांना 1958 मध्ये लग्नानंतर काही आठवड्यांत घरातून अटक झाली आणि 25 वर्षं राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर त्यांची शिक्षा स्थगित झाली. 1967 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती बंदी रद्द केली, तेव्हाही 16 राज्यांत असे कायदे होते. आपल्या कायद्याने कधी वंशावरून बंदी घातली नाही. त्याने परवानगी दिली आणि सोबत नोटीस, प्रतीक्षा आणि वारशातला बदल जोडला. समलिंगी जोडप्यांसाठी मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतर हा दरवाजा बंदच आहे, आणि तो बंद असणं अन्यायाचं आहे.

वारशाचा भाग कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर. दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर 1976 च्या दुरुस्तीमुळे काही बदलत नाही, हिंदू वारसा कायदाच चालतो. एकजण त्याबाहेरचा असेल तर दोन गोष्टी होतात. एक, हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जातं. हिस्सा बुडत नाही, त्या दिवशी वेगळा होतो. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांत संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेला सिडकोचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड सामाईक असतो, तिथे वकिलाकडून हिश्शाची स्थिती लेखी करून घ्या. दोन, दोघांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. मुलं असतील तर आईवडिलांना काहीच नाही. मुलं नसतील तर जोडीदाराला निम्मं आणि उरलेलं वडिलांना. वडील हयात असताना आईला वाटा नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, इथे नाही. आईची सोय करायची असेल तर लग्नानंतर लगेच मृत्युपत्र करा.

मुस्लीम जोडीदाराला इथे वेगळा फायदाही आहे. मृत्युपत्राने एक तृतीयांशच देता येतं ही मर्यादा राहत नाही आणि मुलीला मुलाइतकंच मिळतं. केरळात 2023 मध्ये एका मुस्लीम दांपत्याने आपल्या तीन मुलींसाठी याच कारणाने पुन्हा या कायद्याखाली लग्न नोंदवलं. पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हा, धर्म कोणताही असो. आपल्या आईवडिलांकडून मिळणारा वारसा मात्र त्यांच्याच कायद्याने येतो, आणि या लग्नामुळे तो जात नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर एक अर्ज विसरू नका. आंतरजातीय विवाहाला राज्याकडून 50,000 रुपयांचं अनुदान आहे, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत. एक जोडीदार अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला लागतो. हिंदू-मुस्लीम किंवा हिंदू-ख्रिस्ती अशा आंतरधर्मीय लग्नाला ते मिळत नाही. लग्नाने स्त्रीची जात बदलत नाही, तिचा दाखला वडिलांच्या कागदांवरच निघतो. मुलांच्या बाबतीत बापाची जात गृहीत धरली जाते, पण सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मान्य केलं की आई दलित किंवा आदिवासी असेल आणि मूल तिच्याच समाजात, त्याच वंचनेत वाढलं असेल, तर ते पुराव्यानिशी आईची जात मागू शकतं. त्यासाठी शाळेच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी अर्जावर काय लिहिता याला महत्त्व आहे. तो रकाना दोघांनी मिळून ठरवा आणि त्या अर्जाची झेरॉक्स जपून ठेवा.